नाव कोणत्या वहीत?

तेलंगणातल्या उटनूरच्या पलीकडे, नारनूर-गादीगुड्याच्या बाजूला रात्री जीप आली की आधी कुत्री भुंकतात, मग एकेक दार किलकिलं होतं. उतरलेले दोघे-तिघे एकाचं नाव विचारतात, ‘चौकशी आहे, चल’ म्हणतात आणि त्याला बसवून निघून जातात. ठाणं कोणतं, गुन्हा कोणता, परत कधी सोडणार, हे विचारायचं भान तेव्हा कोणाला नसतं. मागे राहते बायको आणि म्हातारी आई. घरातला एकुलता एक मोबाइल गेलेल्याच्याच खिशात असतो. सकाळी पहिल्या गाडीने ती बाई मंडळाच्या गावी येते. एका ठाण्यात ‘इथे आणलेला नाही’ हे उत्तर मिळतं, दुसऱ्यात ‘साहेब आल्यावर या’. संध्याकाळपर्यंत तिचे दोनशे रुपये गाडीभाड्यात जातात आणि माणूस कुठे आहे हे काही कळत नाही.

खरं तर ते कळायला हवं. कायद्याने ते लिहून ठेवलेलं असतंच, एका नव्हे, चार-पाच ठिकाणी. ठाण्याच्या डायरीत, अटकेच्या मेमोत, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, दंडाधिकाऱ्याच्या आदेशात आणि शेवटी तुरुंगाच्या दाखल-रजिस्टरात. यातल्या काही नोंदी कोणालाही पाहता येतात, काही फक्त घरच्यांना आणि वकिलाला, काही कोणालाच नाहीत. कोणती वही कोणाच्या ताब्यात असते आणि ती कशी मागायची, एवढं ठाऊक असलं तर त्या बाईचा दिवस वाया जात नाही. कधीकधी आत असलेल्या माणसाच्या अंगावरचा मारही टळतो.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मराठी घरांत या बाबतीत एक गैरसमज दिसतो. तिथल्या बहुतेक काउंट्यांत शेरीफच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की तुरुंगात कोण आहे, कधी आणला, आरोप काय, जामीन किती, हे सगळं समोर येतं. पुष्कळ ठिकाणी फोटोसुद्धा. १९९३ च्या डिसेंबरात केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात एका तरुणीचा खून झाला. तिच्यावर अत्याचार केलेला आरोपी जामिनावर सुटला आहे, हे तिला कोणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर १९९४ मध्ये त्याच शहरात कैदी सुटला की पीडिताला आपोआप फोन जाण्याची व्यवस्था सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. आपल्याकडे अशी नाव टाकून शोधायची देशभराची तुरुंग-यादी नाही. पण म्हणून आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र नाही. आपल्याकडे आहे तो फळा.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ३७ सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात आणि राज्य पातळीवर पोलिसांचा नियंत्रण कक्ष असला पाहिजे, आणि प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक अधिकारी या कामासाठी नेमलेला असला पाहिजे. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि आरोपाचं स्वरूप ही माहिती जपणं हे त्याचं काम. आणि ती माहिती ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयी ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, लावलेली असली पाहिजे. म्हणजे उटनूरच्या ठाण्यात गेलेल्या बाईने ‘माझा माणूस आहे का हो?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘अटक झालेल्यांच्या नावांचा फळा कुठे आहे, आणि तो सांभाळणारे अधिकारी कोण?’ हा तिचा दुसरा प्रश्न असावा. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणून मोकळं होता येतं. दुसऱ्याला तसं होता येत नाही, कारण तो विशिष्ट माणसाच्या विशिष्ट कामाबद्दलचा प्रश्न आहे.

हा फळा कोणाच्या कृपेने आलेला नाही. १९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला: कोणालाही अटक करून कोठडीत आणलं की पोलिसांनी जवळच्या कायदेविषयक मदत समितीला लगेच कळवावं, आणि अटक झालेल्याला आपण कोणाला कळवू इच्छितो हे विचारून त्या नातेवाइकाला वा मित्राला सांगावं. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८६ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदतीच्या संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. त्यावरचा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. त्यातली अकरा बंधनं आजही या विषयाचा पाया आहेत, आणि अटकेची माहिती व कोठडीचं ठिकाण बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवून तिथल्या फलकावर लावायचं, हे त्यातलंच एक. कायद्याच्या पुस्तकात ते यायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. एका मराठी पत्रकार बाईचं पत्र आणि बंगालातून गेलेलं एक पत्र, यांतून ही भिंतीवरची यादी उभी राहिली.

फळ्यावर नाव नसेल तर मेमो. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे आणि अटकेच्या क्षणी अटकेचा मेमो झाला पाहिजे, असं संहितेचं कलम ३६ सांगतं. त्यावर निदान एका साक्षीदाराची सही लागते. तो घरचा तरी असावा किंवा त्या वस्तीतला प्रतिष्ठित माणूस. अटक झालेल्याचीही सही त्यावर असते. उटनूरच्या भागात ‘प्रतिष्ठित माणूस’ म्हणजे कोण, हे शोधायला लांब जावं लागत नाही. गावाचा पटेल आहे, आणि गोंड समाजाच्या राय सेंटरचे, म्हणजे पारंपरिक पंचायतीचे, प्रमुख सारमेडी आहेत. जमिनीच्या, लग्नाच्या, भांडणाच्या बाबतीत लोक ज्यांच्याकडे जातात तेच हे. रात्री जीप आली की सगळ्यात आधी पटेलाला उठवावं, ही या भागातल्या जाणत्यांची सवय सगळ्या गावांनी उचलण्यासारखी आहे. पटेलाने काही वाद घालायचा नसतो. मेमोवर वेळ कोणती लिहिली हे पाहायचं, सही करायची आणि ठाण्याचं नाव विचारून घ्यायचं. या कागदाची प्रत पुढे दंडाधिकाऱ्याकडे जाते, म्हणून त्यावरची वेळ फार मोलाची. रात्री साडेदहाला उचललेल्याची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दाखवली गेली, तर मधल्या साडेसतरा तासांचा हिशोब द्यायला फक्त पटेलाची आठवण उरते.

हे मधले तास हाच सगळ्यात धोक्याचा काळ. ‘अटक नाही, फक्त चौकशी’ हे शब्द कानावर आले की घरच्यांना हायसं वाटतं. वाटू नये. अटकेत असलेल्या माणसाचं नाव फळ्यावर, मेमोत, डायरीत असतं. ‘चौकशीला’ बसवून ठेवलेल्याचं कुठेच नसतं. कायद्याला चौकशीसाठी बोलवायची वाट ठाऊक आहे: कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची, लेखी. नोटीसही नाही आणि अटकही नाही, अशा अवस्थेत माणूस रात्रभर ठाण्यात असेल तर तो बेकायदा अडकवलेला असतो, आणि घरच्यांनी तिथून थेट वरची पायरी चढावी.

ठाण्यात एक वही अशी असते की तिच्याबद्दल बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. तेलंगणात तिला जीडी म्हणतात, म्हणजे जनरल डायरी; महाराष्ट्रात स्टेशन डायरी. ठाण्यात काय आलं, कोण आलं, कोणाला आणलं, कोणाला सोडलं, याची वेळेनुसार नोंद तिच्यात व्हावी लागते. ही वही कोणी उघडून दाखवत नाही. पण न्यायालय ती मागवू शकतं. तसंच ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या दारात, कोठडीत, वऱ्हांड्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं. वकील जेव्हा ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा’ असा अर्ज लगेच देतो, तेव्हा त्याला हीच गोष्ट हवी असते.

आता शब्दांचं एक जंजाळ सोडवायला हवं, कारण सीमेवरच्या मराठी माणसाची गाडी इथे हमखास अडते. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नाती, बाजार, जत्रा अजून एकच आहेत, पण ठाण्यांच्या भाषा मात्र दोन झाल्या. किनवटच्या ठाण्यात ‘गु.र.नं.’ म्हणतात, तोच आकडा उटनूरला ‘क्राइम नंबर’. तिकडे ‘रिमांड मिळाला’ म्हटलं की पोलीस कोठडी असा अर्थ मनात येतो. इकडे ‘रिमांडला पाठवलं’ म्हणजे सहसा न्यायालयीन कोठडी, थेट तुरुंग. हा फरक माहीत नसल्याने माणूस आदिलाबादच्या तुरुंगात पोचलेला असताना घरचे ठाण्याच्या दारात बसून राहतात.

क्राइम नंबर आणि साल, उदाहरणार्थ ‘एकशे बारा, दोन हजार चोवीस’, एवढं हाती आलं की अर्धी लढाई जिंकली. नावावरून शोधायला गेलं तर या भागात फार फसगत होते. तेलुगू रिवाजाप्रमाणे घराण्याचं नाव आधी येतं, मराठीत शेवटी. मेश्राम कुठे ‘मेस्राम’ असतो, आत्राम कुठे ‘अथ्राम’, मडावीचं इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचं. एकाच गुड्यात, म्हणजे पाड्यात, एकाच नावाचे चार जण, बापांची नावं वेगळी. संगणकाला यातलं काही कळत नाही. एक अक्षर हललं की ‘नोंद सापडली नाही’ येतं आणि घरच्यांना वाटतं माणूस गायबच झाला. नंबरला मात्र स्पेलिंग नसतं.

७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. दुर्गम भाग, इंटरनेटची अडचण असेल तर अठ्ठेचाळीस, फार तर बहात्तर तास. उटनूरसारख्या डोंगरी भागासाठीच जणू ही सवलत. लैंगिक अत्याचार, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी असे संवेदनशील गुन्हे यातून वगळलेले आहेत, पण ते वगळायचं ठरवणारा अधिकारी उपअधीक्षकापेक्षा खालचा चालत नाही. तेलंगणा पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं आणि साल निवडून एफआयआर शोधता येतो. सीमेपलीकडे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर आहेतच, शिवाय अटक केलेल्या आरोपींची माहिती शोधायचं वेगळं पानही आहे. उटनूरच्या बाजारात मी-सेवा केंद्रावर बसलेली मुलं हे काम पाच मिनिटांत करून देतात, फक्त त्यांना तारीख आणि ठाणं नेमकं सांगावं लागतं.

दोषारोपपत्र मात्र असं मिळत नाही. ते संकेतस्थळावर टाकावं अशी मागणी घेऊन एक पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २० जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने नकार दिला. आरोपीला आणि पीडिताला ते मिळतं, तेही आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि फुकट. शेजाऱ्याला किंवा गावच्या राजकारण्याला नाही. हे योग्यच आहे.

पण सगळ्याच अटका पोलीस करतात असं कुठे आहे? कवाल व्याघ्र प्रकल्प २०१२ मध्ये झाला, त्याच्या आधीपासून आणि नंतरही इथे जंगलखात्याशी पोडू, म्हणजे जंगल साफ करून केलेल्या, शेतीवरून वाद आहेत. २०२२ च्या जूनमध्ये मंचिर्याल जिल्ह्यातल्या कोयपोशगुड्याच्या आदिवासी स्त्रिया याच वादात अटक होऊन तुरुंगात गेल्या, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. जंगलखात्याने धरलेल्या माणसाचं नाव ठाण्याच्या फळ्यावर शोधण्यात अर्थ नसतो. त्याची पहिली नोंद रेंज ऑफिसात असते, पीओआर नावाच्या अहवालात. गुडुंब्याच्या, म्हणजे हातभट्टीच्या दारूच्या, केसमध्ये ती अबकारी खात्याच्या स्टेशनात असते. म्हणून जीप आली तेव्हा अंगावरचा गणवेश कोणता होता, खाकी की हिरवट, जीपवर काय लिहिलं होतं, हा प्रश्न घरातल्या लहान पोरांना विचारावा. त्यांनी हमखास पाहिलेलं असतं.

खातं कोणतंही असो, घटनेचं बाविसावं कलम सगळ्यांना बांधतं: प्रवासाला लागणारा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे. तिथे नवी नोंद जन्माला येते, आणि ही सगळ्यात भरवशाची. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर राज्य, जिल्हा, ठाणं, एफआयआरचा नंबर आणि साल टाकलं की न्यायालयात नोंदलेली केस सापडते. तिचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर एकदा लिहून घेतला की पुढच्या तारखा, आदेश, सगळं त्यावर. अगदी पहिल्या दिवसांत, दोषारोपपत्र यायच्या आधी, इथे काही दिसेलच असं नाही. तेव्हा न्यायालयातल्या बेंच क्लर्ककडेच चौकशी करावी लागते, आणि त्यासाठी वकील लागतो.

वकिलाला पैसे नाहीत, हे या भागात कारण होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ अनुसूचित जमातींना, अनुसूचित जातींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क देतं. गोंड, कोलाम, परधान, तोटी, आंध या समाजांना तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर प्रत्येक गुड्याच्या शाळेच्या भिंतीवर रंगवला पाहिजे. कागद, ठाणं, जेल, सगळीकडे एका वकिलाचा फोन जे काम करतो ते दहा नातेवाइकांच्या फेऱ्या करू शकत नाहीत, हे कटू आहे पण खरं आहे.

न्यायालयीन कोठडी झाली की उटनूरच्या माणसाचा रस्ता इंद्रवेल्ली, गुडीहतनूर करत आदिलाबादला जातो, पन्नासेक किलोमीटर. जिल्हा तुरुंगाच्या फाटकावर वॉरंट तपासलं जातं, डॉक्टर तपासतात, अंगावरच्या खुणा लिहून घेतात, पैसे आणि वस्तूंची यादी होते. १८९४ च्या तुरुंग कायद्याने तुरुंग अधीक्षकावर जी रजिस्टरं ठेवायची सक्ती केली आहे, त्यात पहिलं दाखल कैद्यांचं, दुसरं प्रत्येकाच्या सुटकेच्या तारखेचं, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशा-वस्तूंचंही एक आहे. एकशे तीस वर्षांपूर्वीचा कायदा. पण कैदी आत आला तेव्हा त्याच्या अंगावर काय जखमा होत्या हे त्याच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीत लिहिलेलं असलं, तर पुढे कोठडीतल्या मारहाणीचा तोच पुरावा ठरतो. भेटीला आलेल्या घरच्यांनी ‘डॉक्टरने काय लिहिलं?’ हे त्याला जरूर विचारावं.

तुरुंगात भेटीला ‘मुलाखत’च म्हणतात. राष्ट्रीय सूचना केंद्राने केलेल्या ई-प्रिझन्स व्यवस्थेचा भाग म्हणून ई-मुलाखत नावाची सोय आहे: संकेतस्थळावर भेटणाऱ्याची आणि कैद्याची माहिती भरून वेळ मागता येते, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर. तिथे कैद्याच्या बापाचं नाव लागतं, तुरुंगाचं नाव लागतं. म्हणजे माणूस कुठे आहे हे शोधायला ही सोय नाही, कुठे आहे हे कळल्यावरची आहे. तो कुठल्या तुरुंगात आहे हे कोठडीच्या आदेशात असतं, आणि ते न सांगण्याचं कारण कोणत्याच कार्यालयाकडे नसतं.

इतकं सगळं झालं तरी एक भिंत उरते, ती भाषेची. ठाण्यातला कागद मुख्यतः तेलुगूत, वरच्या न्यायालयांतला बराचसा इंग्रजीत. उटनूरच्या कोलामाला घरात कोलामी येते, बाजारात गोंडी आणि मराठी. नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावात गोंडी लिपीच्या जुन्या पोथ्या सापडल्या आणि ती लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्येही आली, पण तिच्यात अटकेची कारणं लिहून मिळण्याचा दिवस अजून लांब आहे. कायदा मात्र या प्रश्नावर फार जुन्या काळापासून स्पष्ट आहे, आणि त्याची सुरुवात विदर्भातूनच झाली. १९६१ मध्ये नागपूरच्या एका माणसाला प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलं आणि कारणं इंग्रजीत दिली. त्याने हिंदीत मागितली, तर ‘राज्यकारभाराची भाषा इंग्रजी आहे’ असं उत्तर मिळालं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याला सोडलं: माणसाला कळेल अशा भाषेत कारण सांगितलं नाही, तर सांगितलंच नाही. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, न्यायालयाने हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, निदान कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याच्या दोन तास आधी लेखी द्यायची. तसं झालं नाही तर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा. उटनूरच्या मराठी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या माणसासाठी हा निकाल म्हणजे हातात आलेलं हत्यार आहे. त्याने किंवा त्याच्या वकिलाने न्यायालयात फक्त एवढंच सांगायचं: ‘मला हा कागद वाचता येत नाही, माझ्या भाषेत द्या.’

सीमा ओलांडून अटक झाली तर? हे इथे नेहमीचं. पोरगा जिवतीला कामाला गेला, किनवटच्या बाजारात भांडण झालं, पांढरकवड्याला गाडी अडवली. वॉरंटावर दुसऱ्या जिल्ह्यात अटक झाली की अटकेची आणि ठेवलेल्या जागेची माहिती, अटक झालेला माणूस जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्यालाही ताबडतोब द्यायची, हे आता कलम ८२ मध्ये लिहिलेलं आहे. म्हणून किनवटला जाऊन दारोदार फिरण्याआधी आदिलाबादच्या नियंत्रण कक्षात विचारायला हरकत नाही. अटक वॉरंटावरची असेल तर कायद्याप्रमाणे तिथे नोंद पोचलेली असायला हवी. केरामेरी आणि जिवतीच्या मधली जी चौदा गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात, तिथल्या लोकांनी मात्र दोन्हीकडे विचारावं. दोन रेशनकार्डांची सोय होते तशी इथे दोन ठाण्यांची गैरसोय होते.

आणि सगळी दारं बंद झाली तर? तोंडी विचारणं थांबवून कागद लिहावा. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावाने दोन ओळी: कोणाला, कधी, कुठून, कोणत्या गाडीने नेलं. स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. पूर्वी लोक यासाठी तार करत, आणि त्या तारांच्या पावत्यांवर कितीतरी खटले उभे राहिले. माहितीच्या अधिकाराच्या साध्या अर्जाला तीस दिवस लागतात, पण प्रश्न माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर त्याच कायद्याचं कलम ७ अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मागतं; अर्जाच्या वरतीच तसं लिहावं. बेकायदा डांबून ठेवलेल्याला शोधून आणण्याचं वॉरंट दंडाधिकारी कलम १०० खाली काढू शकतो. आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणूस आमच्यासमोर हजर करा’. तेलंगणाचं स्वतंत्र उच्च न्यायालय १ जानेवारी २०१९ पासून हैदराबादला आहे.

कोणी म्हणेल, मग सगळंच उघड का नाही ठेवायचं, अमेरिकेसारखं? इथे या लेखकाचं मत स्पष्ट आहे: नको. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. चोरीच्या संशयावरून धरलेल्या आणि आठवड्यात सुटलेल्या पोराचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला तर त्याचं लग्न मोडतं, काम जातं, आणि सुटकेची बातमी त्या ग्रुपवर कधीच येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव, शाळा, फोटो छापायला बालन्याय कायद्याने बंदी आहे. बलात्कारपीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे. ज्यांची नोंद साऱ्यांना वाचता यावी असे लोक वेगळे: निवडणूक लढवणारे. २००२ च्या निकालापासून विधानसभेच्या आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरच्या केसेस शपथपत्रात लिहाव्या लागतात, आणि ते शपथपत्र कोणीही वाचू शकतो. फळा हवा तो आत असलेल्याच्या घरच्यांसाठी, शेजाऱ्यांच्या करमणुकीसाठी नाही.

नोंद न होण्याची किंमत काय, हे इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर उभं राहिलं की समजतं. २० एप्रिल १९८१ रोजी तिथे गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. हक्क-चळवळीतले लोक तो साठच्या आसपास सांगतात. चार दशकं उलटली, त्या जागी स्तंभ उभा आहे, दरवर्षी लोक तिथे जमतात, आणि तेरा व साठ यांच्यामधली सत्तेचाळीस माणसं कोण, हे अजून कोणत्याच वहीत एकमताने लिहिलेलं नाही.

आदिलाबादच्या तुरुंगातल्या दाखल-तारखेचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे, आणि ते घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच कोणत्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने, त्याच्यावरच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं; इतरांसाठी ती मुदत कमाल शिक्षेच्या निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संहिता येण्याआधीच्या केसेसमधल्या कैद्यांनाही ही सवलत द्यायची. मुदत भरली की न्यायालयात अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. पण शेकडो कैद्यांच्या तारखा मोजणाऱ्या कार्यालयाकडून एखादं नाव मागे राहू शकतं. तीन वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पकडलेल्या माणसाची बायको घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात अटकेच्या दिवसावर खूण करते, तिथून बारा महिने मोजते, आणि तेराव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आदिलाबादच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात क्राइम नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन उभी राहते.